काचेवरचं तोंड

३ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू विचारतेस आणि मी नुसती हूं म्हणते. मग तू म्हणतेस तोंडात काय मिठाची गुळणी धरलीस का, आणि फोन ठेवतेस. म्हणून पत्र लिहितेय. पत्रात कोणी मधे बोलत नाही. मावशीने पाकीट दिलं आणि वर म्हणाली, तुझी आई आधी चष्मा शोधेल आणि मग पत्र, म्हणजे उत्तर यायला वेळ लागणार.

तू सारखी म्हणतेस की एवढ्यातेवढ्यावरून कोणी शाळा सोडून मावशीकडे जाऊन राहतं का. एवढंतेवढं नाहीये ते. पहिल्यापासून सांगते.

तिसरीपासून मी आणि शेंग एका बाकावर होतो हे तुला माहीतच आहे. सातवीच्या आधीच्या सुट्टीत ती एवढी उंच झाली की बाईंनी तिला मागे पाठवलं. उंच मुली मागे, बुटक्या पुढे. मी पुढेच राहिले, खडूच्या धुळीत. मागच्या बाकावरच्या मुली वेगळ्या होत्या. त्यांचं काहीतरी चाललेलं असायचं आणि मी गेले की गप्प व्हायच्या. पहिले काही दिवस शेंग मधल्या सुट्टीत पुढे यायची. मग मी मागे जायला लागले. मग मीही जाईनाशी झाले.

त्याच वर्षी माझ्या तोंडावर सगळं उगवलं. आधी कपाळावर, मग गालांवर. आणि पाळी पहिल्यांदा आली तीसुद्धा खेळाच्या तासाला. शेंगने स्वतःचा स्वेटर माझ्या कमरेला बांधला आणि मला घरापर्यंत सोडलं. दुसऱ्या दिवशी ते सगळ्या मागच्या बाकाला माहीत होतं. मी तिला विचारलं तर म्हणाली, त्यात काय, सगळ्यांना येतेच.

मग तू मला आपल्या पार्लरच्या खुर्चीत बसवलंस. केस मागे बांधलेस, हसू नकोस म्हणालीस आणि फोटो काढलास. म्हणालीस, हा आपल्या दोघींपुरता, कुठला लेप लागू पडतो ते बघायला. मी शाळेतून आले होते, तशीच बसले.

आणि एक दिवस सगळ्या मुली बरोबर असताना आपल्या दुकानाच्या काचेवर मी दिसले. दाराएवढी. डोळ्यांवर काळी पट्टी, चोराला लावतात तशी. कॉलरवर शाळेचा बिल्ला. खाली लिहिलेलं 'आधी'. शेजारी शेंग, तिलाही पट्टी, खाली 'नंतर'. आधी कोणीच हसलं नाही. मग एकीने 'तारुण्यपिटिका' हा शब्द अडखळत मोठ्याने वाचला, आणि मग हसल्या.

दुसऱ्या दिवसापासून माझं नाव आधी. ए आधी, नंतर कुठंय? ए आधी, सरक. पाचवीतली पोरं पण म्हणायची, त्यांना तर माझं खरं नावही माहीत नाही.

ते पोस्टर काढ. काढलंस की मी त्याच दिवशी येते आणि शाळेत जाते. हा माझा शब्द.

बाबांना नमस्कार. माझ्यावर माया आहे ती असू दे.
तुझी,
मुंगी

१९ मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

मावशीला सांग की चष्मा टॉवेलांच्या खाली होता आणि पहिल्या दिवशीच सापडला. पत्र वाचलं. एवढं तू या घरात वर्षभरात बोलली नसशील. तुझ्या बाबांना वाचून दाखवायला घेतलं, पण अर्ध्यात मला खोकला आला, मग राहिलं. ते म्हणतात तुमच्या मायलेकींच्यात मी पडत नाही. दिवसातून तीनदा म्हणतात, म्हणजे पडूनच आहेत.

बाई गं, मला काय स्वप्न पडलं होतं का? डोळे झाकले ना मी? छापणाऱ्याला बजावून सांगितलं होतं, पट्टी चांगली जाड टाक, माझी पोर आहे. बिल्ल्याचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी चेहरे बघते, दिवसभर चेहरेच बघते. कॉलर कोण बघतं?

आणि दुसऱ्या कोणाचा लावणार होते? कोपऱ्यावरच्या मोठ्या पार्लरने गोऱ्या परक्या बायकांचे फोटो लावलेत, त्यांच्यावर कोण विश्वास ठेवतो. आपल्या काचेवर खरं माणूस आहे. बायका थांबतात, बघतात, आत येतात. सकाळी दार उघडलं की आता कोणी ना कोणी पायरीवर असतं. आधी मी आणि पंखा, दोघंच असायचो.

मी ठरवलं होतं की 'नंतर'ला तुझाच फोटो लावायचा. पण तुझे गाल काही ऐकेनात. त्या दिवशी शेंग भुवया करायला बसली होती, उजेड चांगला होता, तिची आईपण हो म्हणाली. तात्पुरतं म्हणून लावलं.

काढते गं. पण ते सगळं काचेला चिकटवलंय. छापणारा म्हणतो, ओढलं तर काच खराब होईल, मी स्वतः येऊन काढतो, महिनाअखेरीस. तोवर जरा दम धर. उशीचा अभ्रा रोज बदल. नखं लावू नकोस, खड्डे पडतात.

अशीच लिहीत जा. आशीर्वाद आहेतच,
आई

११ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

महिनाअखेर होऊन गेली. छापणारा आला का ते लिही.

इथलं सांगते. मावशीच्या कारखान्यात गाद्या आणि उशा होतात. कापूस पिंजायचं यंत्र सुरू झालं की सगळीकडे तुसं उडतात, म्हणून सगळ्याजणी नाकातोंडावर फडकं बांधतात. फक्त डोळे दिसतात. पहिल्या दिवशी मावशी म्हणाली, गुदमरशील, बाहेर बस. मी म्हटलं नको, मला बरं वाटतंय.

मी आधी उशा भरायचे, आता गादीला टाके घालते. दाभण एवढी मोठी असते की खालून वर काढताना गादीखाली दुसरीचा हात नाही ना ते बघावं लागतं. माझे टाके अजून वाकडे जातात. मावशी म्हणते, हा टाका आहे की पत्ता चुकलेला पोस्टमन? उसवायला लावते. पण ओरडत नाही.

उशा भरणाऱ्या एक आजी आहेत. जेवायला फडकं काढलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं आता विचारणार. त्या म्हणाल्या, आमच्या वेळी घरात आरसाच नव्हता, त्यामुळे आपल्या पुटकुळ्या फक्त शेजारणीला दिसायच्या. आणि शेजारणीलाही होत्याच, मग ती कोणत्या तोंडाने बोलणार? मला हसू आलं. खूप दिवसांनी आलं.

अजून एक. माझे कपडे घट्ट व्हायला लागलेत. मी काही बोलले नव्हते, पण मावशीने आतले कपडे आणून कागदाच्या पिशवीत माझ्या उशीखाली ठेवले. तू असतीस तर ज्या बाईच्या भुवया चालू आहेत तिला पण माप विचारलं असतंस. खोटं वाटत असेल तर बाबांना विचार.

मला शाळा नको असं नाहीये आई. मावशीच्या शेजारी आठवीतली मुलगी आहे, तिची पुस्तकं आणते. गणिताचे पहिले धडे मी करून टाकले. नकाशे पण काढले. नकाशात माझा हात चांगला आहे, बाई म्हणायच्या. फक्त मला त्या काचेसमोरून शाळेत जायचं नाही. दुसरा रस्ता नाहीये, तुला माहितीये.

पोस्टरचं नक्की लिही. इकडची तिकडची माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझी,
मुंगी

८ मे

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी खूप हसले. मी माप विचारलं असतं हे खरंय. पण त्या बायका आपल्याच आहेत गं, त्यांच्यापुढे कसली लाज? बँकेतल्या बाई अजून विचारतात, तुमची न बोलणारी कुठंय.

छापणारा आला होता. चहा प्यायला, काचेवर बोट फिरवलं, म्हणाला उन्हाने पक्कं बसलंय, आता थंडीत बघू. मी काय करू, त्याच्या मागे काठी घेऊन धावू?

खरं सांगू का. कोपऱ्यावरच्यांनी आता एकावर एक फुकट चालू केलंय. त्यांच्याकडे गार हवेचं यंत्र आहे, माझ्याकडे पंखा आणि तू. म्हणजे तुझा फोटो. तो काढला की काच ओस पडणार. तू लहान आहेस, तुला हे आत्ता कळणार नाही.

चिडवाचिडवी कुठल्या शाळेत नसते? मला भोपळा म्हणायचे. सरळ भोपळा. मी काय शाळा सोडली? चार दिवस म्हणतात, पाचव्या दिवशी कंटाळतात.

बरं, मोठ्या बाई केस रंगवायला आल्या होत्या. हे कोणाला सांगू नकोस, त्यांनी मला शपथ घातलीये. त्या म्हणाल्या, शाळा उघडली की पहिल्या पंधरवड्यात मुलगी हजर झाली तर नाव कमी करत नाही, आठवीत बसवते, राहिलेली परीक्षा नंतर देऊ दे. त्यापुढे थांबता येणार नाही. तेव्हा तू असं कर. तू आधी ये. आलीस की दोन दिवसांत आपण दोघी मिळून काढू. तूच ओढ हवं तर.

मावशीला सांग, माझ्या पोरीला फार राबवू नकोस.
सुखी राहा आणि आईला धाक घालू नकोस,
आई

९ जून

प्रिय मुंगी,
स. न. वि. वि.

मी शेंग. तुझ्या आईकडून पत्ता घेतला. पत्र कसं सुरू करायचं ते आठवेना म्हणून सहावीच्या पुस्तकात बघून लिहिलंय, हसू नकोस.

शाळा परवा उघडली. माझ्या हनुवटीवर आणि नाकाच्या बाजूला आल्यात. खूप आल्यात, दुखतात पण. मागच्या बाकावर आता मला 'नंतरच्या नंतर' म्हणतात. तुझ्या आईच्या दुकानावरून जाताना मुद्दाम थांबतात, एकदा काचेकडे बघतात, एकदा माझ्याकडे, आणि म्हणतात, पैसे परत मागा. काल डबा खाताना मला बाकावर जागाच ठेवली नव्हती. मी उभ्याने खाल्ला.

मी तुझ्या आईला म्हटलं, माझा फोटो काढा ना. त्या म्हणाल्या, अगं फोटोत तर छान दिसतेस, खुर्चीत बस, तुझं तोंड परत फोटोसारखं करून देते. त्या माझं ऐकत नाहीत. तू सांग ना त्यांना. तुझं ऐकतील, तू त्यांची मुलगी आहेस.

मी तेव्हा हसले नव्हते. मी नुसती उभी होते. तुला राग आला असेल तर सॉरी.

तुझ्या जागी पहिल्या बाकावर कोणी बसत नाही.
जमलं तर मैत्री असू दे,
शेंग

१३ जून

शेंगेस,
स. न. वि. वि.

पत्र मिळालं. मी मार्चपासून सांगतेय. मी मुलगी असून एवढंच झालंय. तू तुझ्या आईला सांग.

हनुवटीवरच्या जास्त दुखतात, मला माहितीये. काही लावू नकोस. आमच्या आईचा लेप तर अजिबात लावू नकोस, त्याने आग होते आणि मग ती म्हणते आग होतेय म्हणजे काम करतोय. साध्या पाण्याने धू. त्या मुली बघत असतील तेव्हा तोंडाला हात लावू नकोस, हात लावला की त्यांना कळतं.

तू स्वेटर दिला होतास ते मी विसरले नाही. दुसऱ्या दिवशीचं पण विसरले नाही. दोन्ही एकदम आठवतं, त्यामुळे तुझ्याशी काय बोलायचं ते मला समजत नाही.

डबा उभ्याने खाऊ नकोस. पहिल्या बाकावर जागा आहे असं तूच लिहिलंयस.

मुंगी

१८ जून

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

घे. झालं तुझ्या मनासारखं. बाबांनी काल फोनवर मावशीला सांगितलंच असेल, पण खरी मजा त्यांना काय कळणार, म्हणून मी लिहिते.

काल दुपारी दुकान भरलेलं, एकीच्या तोंडाला लेप, एकीची भुवई अर्धी झालेली, आणि शेंगेची आई दारात. हात ओले, तसेच पिठाचे, पायात घरातल्या चपला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. म्हणाली, माझी पोरगी काल जेवली नाही, आधी तिचं तोंड काचेवरून उतरवा, मग तुमच्या भुवया करा. मी म्हटलं, अहो बसा, पाणी घ्या, तुम्हीच तर हो म्हणाला होतात. ती म्हणाली, म्हणाले होते, चुकले, आता नाही म्हणतेय. आणि बसलीच नाही. दार अडवून उभी. अर्ध्या भुवईवाली बाई मलाच म्हणाली, काढून टाका हो एकदाचं, मला घरी जायचंय.

मग काय करते? गरम पाणी घेतलं, फडकं घेतलं, ब्लेड घेतलं. तो छापणारा मेला खोटारडा निघाला. काचेला ओरखडासुद्धा नाही. लेप वाळायच्या आत काम झालं. ती बाई शेवटचा तुकडा निघेपर्यंत हलली नाही, मग तो तुकडा घेऊन गेली.

आता नीट ऐक. तिची बाजू काढली, तुझी ठेवलीय. चिडू नकोस, पुढचं वाच. मावशी फोनवर म्हणाली की तुझा चेहरा आता अगदी निवळलाय, ओळखू यायची नाहीस. मग मला सुचलं. आता 'नंतर'ला तुझाच फोटो लावायचा. तुझंच आधी आणि तुझंच नंतर. ज्या ज्या तुला बोलल्या त्यांना रोज त्या काचेसमोरून जाऊ दे. बघू कोण तोंड उघडतंय. कोणाच्या आईने पोरीसाठी असं केलं नसेल.

पोस्टर काढलं की येते असा तुझा शब्द होता. मोठ्या बाई शनिवारपर्यंत थांबतील. शुक्रवारी रात्रीपर्यंत ये, शनिवारी सकाळी उजेड चांगला असतो, फोटो काढू आणि तशीच शाळेत जा. या वेळी बिल्ला मी स्वतः झाकते.

वाट बघतेय,
आई

२३ जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

शनिवार होऊन गेला. मोठ्या बाईंना माझा नमस्कार सांग. रंगाचं मी कोणाला बोलले नाही.

बाबांचा फोन आला होता. त्यांनी मावशीला एवढंच सांगितलं की पोस्टर उतरलं. मावशीने यंत्र बंद केलं आणि सगळ्यांना सांगितलं. आजींनी मला जवळ ओढलं. मी लगेच पिशवी भरली. नकाशांची वही वर ठेवली, दुमडू नये म्हणून. मावशीने गाडीची वेळ विचारून ठेवली. मला वाटलं तू काढलंस.

शुक्रवारी तुझं पत्र आलं. मी दोनदा वाचलं आणि मावशीच्या हातात दिलं. तिने वाचलं आणि मशीनवर जाऊन बसली. थोड्या वेळाने म्हणाली, खोळ उलटी शिवली मी. मग आम्ही दोघींनी ती उसवली. मग मी पिशवी रिकामी केली.

मावशी फोनवर मायेने बोलली. चेहरा एवढा काही निवळला नाहीये. गाल बरे आहेत, कपाळावर अजून येतात. जातील तेव्हा जातील. फोटो काढणार नाही.

तू लिहिलंस की कोणाच्या आईने असं केलं नसेल. मी त्या शेंगेच्या आईचा विचार करतेय. ती तशीच आली, पिठाच्या हातांनी, पोरगी एक दिवस जेवली नाही म्हणून. ती ज्या दारात उभी राहून भांडली, त्या दाराच्या आत माझी आई होती. माझ्यासाठी त्या दारात कोण येणार होतं?

मला वाटायचं की ते निघतच नाहीये. छापणारा येत नाही, उन्हाने पक्कं बसलंय, काच खराब होईल. मी मावशीला पण तसंच सांगायचे, आजींना पण. मी तुझ्या बाजूने बोलायचे आई. ते गरम पाण्याने निघतं.

आणि हे मी कोणाला सांगितलं नाही, तुलाच लिहितेय. शेंगेचा गाल संपतो तिथेच माझा सुरू होतो, मधे रेघसुद्धा नाहीये. म्हणजे तू खरवडत खरवडत माझ्या गालापर्यंत आली असशील. तिथे हात थांबवलास. पाणी तेव्हा गरमच असेल.

मावशी म्हणते हवं तेवढं राहा. सोमवारपासून ती मला मशीन शिकवतेय.

बाबांना नमस्कार. माया असेल तर असू दे, उत्तर लिहायची घाई नको.

तुझी मुलगी